बिघडलेला फ्रीज, नसलेली पावती: परभणीतून नुकसानभरपाईचा इतिहास कसा वाचायचा?

समजा, परभणीत मे महिना चालू आहे. पारा चाळिशीपार. फ्रीजमध्ये बर्फाचा थर साचलाय, खाली थंडावा मात्र नाही, म्हणून तुम्ही मिस्त्रीला घरी बोलावलं. त्याने बर्फ खरवडायला स्क्रू-ड्रायव्हर घातला, फ्रीजरच्या पत्र्याला बारीक भोक पडलं आणि फुस्स करून गॅस निघून गेला. मिस्त्री म्हणतो, "पत्रा आधीच सडला होता." शेजारी म्हणतात, "व्होल्टेजनं गेला असेल." तुमच्याकडे पावती नाही, कारण पैसे रोख दिले. आता भरपाई मागायची तर कुणाकडे, किती आणि कशाच्या जोरावर?

वकिलाला विचाराल तर तो कलमं सांगेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हाच प्रश्न जरा वळवून विचारायचा असतो. याच परभणीत १९४० मध्ये, १९६० मध्ये, १९९० मध्ये एखाद्याची घरातली वस्तू दुरुस्त करणाऱ्याच्या हातून बिघडली असती, तर दाद मागायची वाट कोणती होती? आणि त्या वाटेने गेलेल्या माणसाची नोंद आज आपल्याला सापडू शकते का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कारागिराने दुसऱ्याच्या वस्तूची काळजी घ्यावी, हा नियम जुना आहे. बदलत गेल्या त्या तीन गोष्टी: नुकसान कशाला म्हणायचं, ते सिद्ध कुणी करायचं आणि त्यासाठी किती कागद लागतो. यातला कागदाचा मुद्दा आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. ज्या कागदामुळे ग्राहकाला दाद मिळते, त्याच कागदामुळे इतिहासकाराला पुरावा मिळतो. ज्याच्याकडे कागद नव्हता, तो न्यायातूनही गळतो आणि इतिहासातूनही.

आधी हद्द ठरवा: कोणता परभणी जिल्हा?

विषय लहान वाटतो म्हणून हद्दीकडे दुर्लक्ष होतं. आज परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत: परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा. पण १ मे १९९९ पूर्वी हिंगोली, वसमत, कळमनुरी हा सगळा पट्टा याच जिल्ह्यात होता. त्याआधी, १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून तिकडे गेला. म्हणजे १९९५ ची 'परभणी'ची आकडेवारी आणि २००५ ची आकडेवारी शेजारी ठेवून "तक्रारी कमी झाल्या" असं लिहिलंत, तर तुम्ही तक्रारींचा इतिहास लिहीत नाही, नकाशाचा लिहिताय.

दुसरी हद्द राज्याची. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाचे कायदे वेगळे, न्यायालयं वेगळी, कारभाराची भाषा उर्दू, सनावळी फसली. फसली सालात ढोबळमानाने ५९० मिळवले की इसवी सन येतो. नाणंही वेगळं: हाली सिक्का. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार, असा हिशेब होता. जुन्या कागदात भरपाईची रक्कम सापडली, तर ती हाली की कलदार हे आधी बघा, मगच शेजारच्या मुंबई इलाख्यातल्या रकमेशी तुलना करा.

१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण आपल्या विषयासाठी खरी तारीख १९५१ ची आहे. त्या वर्षी 'ब' वर्गातील राज्यांसाठी केलेल्या कायद्याने १८७२ चा भारतीय करार कायदा हैदराबाद राज्याला लागू झाला. पुणे-नगरला जो कायदा पाऊणशे वर्षं चालू होता, तो परभणीत तेव्हा पोहोचला. "भारतात १८७२ पासून" असं वाक्य मराठवाड्याबद्दल लिहिताना हात आखडता घ्यावा, तो यामुळे.

सुरुवात कौटिल्यापासून नको

आपल्याकडच्या प्रबंधांना एक खोड आहे. विषय कोणताही असो, पहिलं प्रकरण "प्राचीन काळापासून" सुरू होतं. इथेही मोह होतो, कारण अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाचा पहिला अध्यायच कारागिरांपासून लोकांचं रक्षण या विषयावर आहे. विणकर, धोबी, सोनार यांच्या हातून माल बिघडला, हरवला तर काय, याचे नियम तिथे आहेत. वाचा जरूर. पण तिथून परभणीच्या ग्राहक आयोगापर्यंत सरळ रेघ ओढू नका. तिथे कारागीर हा राज्याने नजर ठेवायचा संशयित आहे. आपल्या प्रश्नात दोन व्यक्तींमधला पैशाचा व्यवहार आहे. तुलना म्हणून उपयोग करा, उगम म्हणून नको.

जवळची पार्श्वभूमी बलुतेदारीची. सुतार, लोहार शेतकऱ्याचा नांगर, वखर दुरुस्त करत आणि सुगीला खळ्यावर धान्य घेत. तिथे एकेका कामाचं वेगळं बिल नव्हतं, म्हणून एकेका बिघाडाची वेगळी भरपाईही नव्हती. काम नीट झालं नाही तर कुरबुर व्हायची ती बलुत्याच्या वाट्यावरून, हक्कावरून, मानपानावरून. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' (१९१५) यासाठी वाचावं. मात्र ते प्रामुख्याने मुंबई इलाख्यातल्या खेड्यांबद्दल आहे हे लक्षात ठेवून.

मग शिलाई मशीन, सायकल, घड्याळ, ग्रामोफोन, रेडिओ अशा वस्तू आल्या. या वस्तूंना बलुतेदार नव्हता. डेव्हिड आर्नल्ड यांच्या 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) या पुस्तकात सायकल, शिलाई मशीन, टाइपरायटर आणि भात गिरणी यांचा भारतातला प्रवास आहे. मोठ्या यंत्रांऐवजी लहान, रोजच्या यंत्रांकडे बघायला ते शिकवतं. ही यंत्रं दुरुस्त करणारा माणूस एका कामाचे रोख पैसे घ्यायचा आणि गिऱ्हाईक पुन्हा येईलच याची त्याला खात्री नसायची. आपला प्रश्न खरा इथे जन्माला येतो: एकदाच होणारं काम, रोख पैसे आणि वंशपरंपरेचं नातं नसलेली दोन माणसं.

ताबा कुणाकडे होता?

१८७२ च्या करार कायद्यात कलम १४८ पासून एक प्रकरण आहे, ज्याला वकील 'बेलमेंट' म्हणतात. साध्या शब्दांत: विशिष्ट कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं आणि काम झालं की ती परत मिळण्याचा करार असणं. घड्याळ दुरुस्तीला दुकानात ठेवलं, की हे नातं तयार झालं. कलम १५१ सांगतं की समजूतदार माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी दुकानदाराने घ्यायला हवी. कलम १५२ म्हणतं, तितकी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर नाही.

यातली दोन बारकाव्यं टिपून ठेवा. पहिलं, दुरुस्ती फुकट असली तरी कलम १५१ ची काळजी सुटत नाही. दुसरं, वस्तू दुकानदाराच्या ताब्यात असताना बिघडली, तर काय घडलं हे त्यालाच माहीत असतं. म्हणून आपण काळजी घेतली होती हे त्याने दाखवावं, अशी न्यायालयांची भूमिका राहिली आहे. मालकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय.

आता सुरुवातीच्या फ्रीजकडे परत या. तो दुकानात गेलाच नाही. मिस्त्री घरी आला. ताबा तुमच्याकडेच होता. मग बेलमेंट लागू होत नाही. उरतो तो करारभंग किंवा निष्काळजीपणा, आणि तो सिद्ध करायचा तुम्ही. म्हणजे वस्तू किती अवजड आहे यावर कोणता नियम लागणार हे ठरत होतं! काखेत मारून नेता येणारा रेडिओ एका नियमाखाली आणि स्वयंपाकघरात उघडलेला फ्रीज दुसऱ्या. घरात हलवता न येणारी उपकरणं वाढली, दुरुस्ती दुकानातून घरात आली, तसा जुन्या कायद्याचा सोयीचा भाग गिऱ्हाइकाच्या हातून निसटला. हे कलमांच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. वस्तूंचा इतिहास आणि कायद्याचा इतिहास एकत्र वाचला तरच दिसतं.

नुकसान कशाला म्हणायचं?

भरपाई मोजायचं जुनं माप दुरुस्तीच्याच एका भानगडीतून आलंय. १८५४ मध्ये इंग्लंडात हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हा खटला झाला. ग्लॉस्टरच्या एका पीठगिरणीचा दांडा मोडला. तो नमुना म्हणून ग्रीनविचच्या कारखान्याला पाठवायचा होता, म्हणजे त्याबरहुकूम नवा करता येईल. पोचवणाऱ्याने उशीर केला, गिरणी बंद राहिली. मालकाने बुडालेला नफा मागितला. न्यायालयाने ठरवलं की जे नुकसान व्यवहारातून सहज संभवतं, किंवा करार करतानाच दोघांच्या लक्षात होतं, तेवढंच मिळेल. गिरणी पूर्ण बंद पडेल हे पोचवणाऱ्याला माहीत असायचं कारण नव्हतं, म्हणून नफा नाही.

आपल्या करार कायद्याचं कलम ७३ याच विचारावर उभं आहे. दूरचं आणि अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही. त्या कलमाखालच्या उदाहरणांतही गिरणीला न्यायचं यंत्र आणि उशीर करणारा वाहक आहे. आता हे माप परभणीतल्या घराला लावून बघा. फ्रीजचा पत्रा फुटला, त्याचा खर्च सरळ. पण त्यात ठेवलेलं आजोबांचं इन्सुलिन खराब झालं, ते दूरचं की जवळचं? चार दिवस सुट्टी काढून मिस्त्रीच्या मागे फिरलात, त्याचं काय? आणि मनस्ताप? कराराच्या जुन्या कायद्यात मनस्तापाला सहसा जागा नव्हती. ते माप गिरणीमालकाच्या नफ्याचं होतं, स्वयंपाकघराचं नव्हतं.

१९८६: नियमापेक्षा दरवाजा बदलला

१९५१ नंतर परभणीकराला कायदा मिळाला, पण त्याचा दरवाजा दिवाणी न्यायालयाचा होता. कोर्ट फी, वकील, तारखा. तीनशे रुपयांच्या इस्त्रीसाठी कोण जाणार? म्हणून १९५१ ते १९८६ या काळातले दुरुस्तीचे दावे फारसे दिसले नाहीत, तर "लोक समाधानी होते" असा निष्कर्ष काढू नका. दार जड होतं, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो.

ग्राहक चळवळीची महाराष्ट्रातली सुरुवात सत्तरच्या दशकातली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. एप्रिल १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. आपण २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो तो यासाठी.

या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात मंच आणला. एक अध्यक्ष, दोन सदस्य, त्यात एक महिला. वकिलाशिवाय तक्रार चालवता येत होती आणि सुरुवातीला फीसुद्धा नव्हती. फी पुढे आली, तीही लहान तक्रारींना नाममात्र. आज पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर काहीच नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षं.

आपल्या विषयासाठी यातले तीन बदल महत्त्वाचे. एक, 'ताबा' हा प्रश्न मागे पडला. दुरुस्ती दुकानात झाली की घरात, ती 'सेवा' आहे आणि तिच्यात त्रुटी आहे का, एवढं बघायचं. दोन, पैसे न घेता केलेली सेवा मात्र कायद्याबाहेर गेली. ओळखीतल्या माणसाने "राहू द्या हो पैसे" म्हणून मोटर उघडली आणि जाळली, तर ग्राहक मंचाचं दार बंद. तिथे १८७२ चा कायदाच जास्त उदार ठरतो. तीन, १९९३ च्या दुरुस्तीने स्पष्ट झालं की स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवलेली वस्तू 'व्यापारी' धरायची नाही. घरी शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बाईची मशीन, किंवा घरघंटीवर चार घरांचं दळण करणारी गृहिणी, यांच्यासाठी ही ओळ फार मोलाची आहे. सेलू किंवा गंगाखेडच्या एखाद्या घरात शिलाई मशीन आठवडाभर बंद राहणं म्हणजे गैरसोय नाही, ती आठवड्याची चूल आहे.

मनस्तापाचं काय झालं? १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'भरपाई' या शब्दाचा विस्तृत अर्थ लावला. प्रत्यक्ष पैशाच्या नुकसानीसोबत झालेला त्रास आणि छळ त्यात धरता येतो असं सांगितलं. खटला घरबांधणीचा होता, पण त्याची सावली सगळ्या सेवांवर पडली. आज कोणत्याही जिल्ह्याचं निकालपत्र उघडा. तक्रार मंजूर झाली असेल तर शेवटी बहुधा तीन ओळी भेटतात: वस्तूची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, "मानसिक त्रासापोटी" काही रक्कम, आणि "तक्रारीच्या खर्चापोटी" काही रक्कम. त्यातली मधली ओळ ही आपल्या इतिहासातली सगळ्यात नवी गोष्ट. ती रक्कम काळानुसार, वस्तूनुसार, तक्रारदारानुसार कशी बदलते, यावर एक चांगला प्रबंध होऊ शकतो.

सिद्ध कुणी करायचं, आणि कशाने?

इथे मात्र काटा उलट फिरला. बेलमेंटमध्ये दुकानदाराने काळजी दाखवायची होती. ग्राहक कायद्यात सेवेतली त्रुटी तक्रारदाराने सिद्ध करायची. १९९९ मध्ये के.एल.एम. विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. दरवाजा हलका झाला, पण आत शिरल्यावर ओझं तुमच्या खांद्यावर.

फ्रीजचा पत्रा आधी सडला होता की स्क्रू-ड्रायव्हरने फुटला, हे सांगणार कोण? दुसरा मिस्त्री. पण लहान गावात दुकानं एकाच गल्लीत असतात आणि लेखी मत देऊन शेजाऱ्याशी वैर कोण घेईल? त्यात व्होल्टेजचा मुद्दा. मोटर दुरुस्तीने जळली की विजेच्या चढउताराने, हा वाद परभणीसारख्या जिल्ह्यात नेहमीचा. मिस्त्रीचं म्हणणं खरं असेल, तर दाद वीज कंपनीकडे मागायची आणि त्यासाठी २००३ च्या वीज कायद्याखालचा तक्रार निवारण मंच वेगळाच. एकाच बिघाडाचे कागद दोन कचेऱ्यांत विभागले जातात. संशोधकाने दोन्हीकडे बघायला हवं.

आणि पावती? तिला दोन तोंडं आहेत. ती तुमचा व्यवहार सिद्ध करते, पण तिच्या मागे बारीक अक्षरात अटीही छापलेल्या असतात: इतक्या दिवसांत न नेल्यास जबाबदारी नाही, बिघाड झाल्यास अमुक टक्केच मिळेल. या अटींवरचा गाजलेला निकाल मद्रास उच्च न्यायालयाचा, साठच्या दशकातला. 'लिली व्हाइट' या लाँड्रीच्या पावतीवर, कपडा हरवल्यास किमतीच्या १५ टक्केच मिळतील, अशी अट होती. न्यायालयाने ती अवाजवी म्हणून मानली नाही. छापील अक्षर म्हणजे करार, हे गृहीतक तिथे मोडलं. लाँड्रीचा हा निकाल दुरुस्तीच्या दुकानांच्या पावत्या वाचतानाही समोर ठेवावा.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. दिलेल्या सेवेची पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरली. १८७२ च्या कायद्यात वस्तूचा ताबा केंद्रस्थानी होता, १९८६ मध्ये सेवा आली; २०१९ मध्ये कागद स्वतःच हक्क बनला. तरीही गल्लीतल्या दुकानात पावती मागून बघा, उत्तर ठरलेलं: "साहेब, पावती कशाला, मी इथंच आहे ना." ही ओळखीवरची हमी अनेकदा खरीही असते. पण ती मोडली, की हातात काहीच उरत नाही.

निकालपत्रं कशी वाचायची

जिल्हा ग्राहक आयोगांचे आदेश बऱ्याच वर्षांपासून ऑनलाइन ठेवले जात आले आहेत; जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी ई-जागृती हे नवं संकेतस्थळ सुरू झालं. महाराष्ट्रातले कितीतरी आदेश मराठीत आहेत, हा आपल्यासाठी खजिना. वाचताना चार गोष्टी सांभाळा.

भाषा. परभणी-नांदेडकडच्या आदेशांत तक्रार करणारा 'अर्जदार' आणि समोरचा 'गैरअर्जदार' असतो. दुसरीकडे 'सामनेवाले', 'जाबदार', 'विरुद्ध पक्ष' असे शब्द भेटतात. 'त्रुटीची सेवा' असाही प्रयोग वारंवार दिसेल. शोधताना एकच शब्द टाकलात, तर निम्मी सामग्री हुकेल. आणि 'गैरअर्जदार' दिसला म्हणून "हा निजामी वारसा" असं लगेच लिहू नका. अर्ज, गैर हे शब्द अरबी आहेत खरे, पण हाच शब्द नागपूरकडच्या आदेशांतही येतो, आणि नागपूर काही निजामाकडे नव्हतं. सुंदर वाटणारं स्पष्टीकरण आधी शेजारच्या जिल्ह्यात तपासायचं असतं.

पक्षकार. कंपनी, विक्रेता आणि अधिकृत सेवा केंद्र असे गैरअर्जदार क्रमांक १, २, ३ बनतात, कारण त्यांचे पत्ते आणि कागद असतात. गल्लीतला स्वतंत्र मिस्त्री तिथे कमी भेटावा, अशी अपेक्षा ठेवूनच जा; मग खरोखर मोजा. तो कमी दिसला, तर तो जास्त प्रामाणिक होता असं ठरत नाही. त्याच्याविरुद्ध कागद नव्हता, एवढंच कदाचित ठरतं.

गैरहजेरी. नोटीस मिळूनही गैरअर्जदार आला नाही, की आदेश एकतर्फी होतो. अशा आदेशातली हकिगत म्हणजे एका बाजूची हकिगत. त्या दिवशी दुकान बंद ठेवून परभणीला येणं एखाद्या पालमच्या मिस्त्रीला परवडलं नसेल. त्याचा हात खरंच चुकला की यंत्रच जुनं होतं, हे आपल्याला कळत नाही. "गैरअर्जदाराने त्रुटीची सेवा दिली" हे वाक्य न्यायालयाचा निष्कर्ष आहे. इतिहासकाराचा पुरावा व्हायला त्याला अजून काहीतरी सोबत लागतं.

अंमलबजावणी. आदेश निघणं आणि पैसे हातात पडणं यांत अंतर असतं. आदेश न पाळणाऱ्याला कैद आणि दंडाची तरतूद आहे, म्हणजे त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी फाइल. फक्त मूळ आदेश मोजून "इतक्या लोकांना भरपाई मिळाली" असं लिहू नका. "इतक्या लोकांना भरपाईचा आदेश मिळाला" असं लिहा. फरक दोन शब्दांचा आहे, पण त्या दोन शब्दांत एखाद्या कुटुंबाची दोन-तीन वर्षं असतात.

कागदाबाहेरची माणसं

मग पावती नसलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी दुसरी सामग्री उभी करावी लागते. जुन्या दुकानांची पावतीपुस्तकं आणि उधारीच्या वह्या मागा. मोटर रिवाइंडिंग, रेडिओ-टीव्ही, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या वयस्क कारागिरांशी बोला. त्यांना "तुमच्या हातून कधी नुकसान झालं का?" असं थेट विचाराल तर उत्तर "नाही" असंच येईल. त्याऐवजी विचारा: गिऱ्हाईक भांडलं तर मिटवायचं कसं? मजुरी सोडायची का? जुना पार्ट फुकट बसवायचा का? मध्यस्थ कोण असायचा, शेजारचा दुकानदार की गल्लीतला वडीलधारा? भरपाईचा बहुतेक इतिहास अशा तडजोडींत घडला असणार, आणि त्याची नोंद कोणत्याही निकालपत्रात नाही. घरातल्या बायकांशीही बोला. उपकरण वापरणारी, बंद पडल्यावर हाताने कपडे धुणारी, मिक्सर जळल्यावर पुन्हा पाट्यावर वाटणारी व्यक्ती बहुतेकदा तीच असते, पण तक्रारीवर सही घरातल्या पुरुषाची असू शकते. आदेशांतली नावं मोजताना हे डोक्यात असू द्या. नावं मोजा, छापू नका. सार्वजनिक नोंद असली तरी ती कुणाच्या तरी घरची अडचण आहे.

१९४८ पूर्वीच्या काळासाठी हैदराबादला तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारात आणि छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात जावं लागेल आणि उर्दू वाचता आली पाहिजे. आजच्या काळासाठी उलट आहे: आता पैसे फोनवरून जातात, वेळ व्हॉट्सॲपवर ठरते, बिघाडाचा फोटो काढून पाठवला जातो. ज्याला कधीच पावती मिळाली नाही, त्याच्याकडेही आज तारीख-वारासह नोंद असते, आणि अशी इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून मांडता येते. पावतीचा इतिहास लिहिणाऱ्याला इथून पुढे वेगळाच दस्तऐवज हाताळायचा आहे.

तुमच्यासाठी एक लहान काम

संशोधनाचा आराखडा करताना "ग्राहक संरक्षण कायद्याचा चिकित्सक अभ्यास" असं भलं मोठं शीर्षक घेऊ नका. एक वस्तू निवडा, शिलाई मशीन, कूलर किंवा फ्रीज. एक जिल्हा निवडा आणि त्याची हद्द तारखेसह लिहा. दहा वर्षं निवडा. मग प्रत्येक आदेशाला पाच प्रश्न विचारा: वस्तू बिघडली तेव्हा कुठे होती? कोणता कागद पुढे आला? दुसऱ्या कारागिराचं लेखी मत होतं का? गैरअर्जदार हजर होता का? मानसिक त्रासापोटी किती मिळाले? पाच रकाने, एक साधा तक्ता. शंभर आदेशांनंतर तुम्हाला असं काहीतरी दिसू लागेल, जे कलमांच्या पुस्तकात नाही.

आणि सहावा रकाना रिकामा ठेवा. त्यावर लिहा: "इथे कोण आलंच नाही?" सुरुवातीच्या फ्रीजवाल्याची जागा आजतरी त्याच रकान्यात आहे. त्याला तिथून बाहेर काढायचं असेल, तर कायदा पुरेसा नाही, पावतीची सवय लागते. आणि जे आधीच होऊन गेले त्यांना बाहेर काढायचं असेल, तर तुमच्यासारखं कुणीतरी वह्या उघडून, दुकानात स्टुलावर बसून, नीट ऐकून घ्यावं लागतं.